टपालपेटीतले निंदण



धानाची चुरणी उरकली, बांधीत लाखोळी हिरवी झाली, आणि दोन दिवस हाताला जरा उसंत मिळाली आहे. अशा दिवसांत घरची लक्ष्मी कोठी झाडते, फाटकी पोती वेगळी काढते. आज मी तुम्हाला आणखी एक जागा झाडायला सांगणार आहे. ती माळ्यावर नाही की गोठ्यात नाही, ती तुमच्या मोबाईलमध्ये आहे. ती म्हणजे ई-मेलची टपालपेटी.

"आम्हा धानवाल्यांना ई-मेलचे काय काम?" असे कोणी म्हणेल. मीही एके काळी तेच म्हणत होतो. पण आज मुलीचा कॉलेजचा प्रवेश, बँकेचा उतारा, विम्याची पावती, गटाच्या अर्जाचे उत्तर, यातले काही ना काही त्या पेटीत येऊन पडते. पूर्वी आपल्या घरी खुंटीला एक तार असे. खताची पावती, सोसायटीची पावती, तलाठ्याची पावती, सगळी त्या तारेत खोवलेली. हवी तेव्हा बोटाने चाळली की सापडली. ई-मेलमध्ये तार नाही. तिथे पत्राला चिठ्ठी लावतात. तिलाच लेबल म्हणतात. आणि या चिठ्ठ्याच फार झाल्या की काय होते, ते आमच्या फुलचूरजवळच्या एका शेतकरी गटाने यंदा पाहिले.

या गटाचे ई-मेल खाते एका सभासदाच्या मुलाने उघडून दिले होते. मुलगा हुशार. त्याने पत्रांना चिठ्ठ्या लावल्या. "योजना", "योजना नवीन", "योजना २", "बँक", "बँकेचे", "महत्त्वाचे", "फार महत्त्वाचे" असे करता करता ४७ चिठ्ठ्या झाल्या. शिवाय त्याने नियम लावून ठेवला, की अमुक ठिकाणाहून पत्र आले तर ते समोरच्या पेटीत थांबू नये, परस्पर "योजना २" मध्ये जावे. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. खाते त्याच्या बहिणीच्या हाती आले. ती रोज पेटी उघडून पाही. समोर नवीन काही दिसत नसे, म्हणून बंद करी.

गटाने यंत्रासाठी अर्ज केला होता. बँक पासबुकाची नक्कल पुसट आहे, १५ दिवसांत स्पष्ट नक्कल द्या, असे पत्र आले होते. ते नियमाप्रमाणे "योजना २" मध्ये जाऊन बसले. सापडले तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते. अर्ज बंद झाला. रोवणीचे यंत्र आता पुढच्या हंगामावर गेले.

मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "साहेब, पत्र तं आलं होतं जी, पण आमाले दिसलंच नाही." तिची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "हे सारंच पुसून टाका जी. कटकट नको." मी म्हटले, बाई, निंदण फार झाले म्हणून कोणी धानासकट बांधी नांगरत नाही. रविवारी बसू आणि एकेक काढू.

चिठ्ठी आणि पोते

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बियाण्याच्या पोत्याला चिठ्ठी असते हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रमाणित बियाण्याला निळी, पायाभूत बियाण्याला पांढरी. ती चिठ्ठी काढली तर पोत्यातले बियाणे कमी होत नाही. फक्त ते कोणते हे ओळखू येत नाही. ई-मेलचेही तसेच. आपल्याकडे बहुतेकांची खाती जीमेलवर आहेत. जीमेल २००४ सालच्या १ एप्रिलला सुरू झाले, तेव्हापासून तिथे कप्प्यांऐवजी चिठ्ठ्यांची पद्धत आहे. तिथली चिठ्ठी काढून टाकली तर पत्र पुसले जात नाही. ते "ऑल मेल" म्हणजे सर्व पत्रे जिथे असतात तिथे राहते, आणि शोधाच्या रकान्यात नाव टाकले की सापडते.

पण चिठ्ठी उघडून आतले पत्रच पुसले, तर मात्र ते सगळीकडून जाते. इथे माझ्याकडूनच चूक झाली, ती सांगतो. एकच पत्र "बँक" मध्येही दिसत होते आणि "बँकेचे" मध्येही. मला वाटले, एक मूळ आणि एक नक्कल. मी मुलीला सांगितले, इकडची ३१ पत्रे पुसून टाक. तिने पुसली. दुसरीकडे पाहतो तर तिथेही नाहीत! एका बैलाच्या गळ्यात दोन घंटा बांधल्या म्हणजे बैल दोन होत नाहीत. एक घंटा सोडली तर बैल दावणीला राहतो. बैलच विकला तर दोन्ही घंटा जातात. नशिबाने पुसलेले पत्र ३० दिवस "ट्रॅश" मध्ये, म्हणजे कचरापेटीत राहते. तिथून ती परत आणली. महिना उलटला असता तर पत्रे गेली होती, आणि दोष माझा होता.

निंदण कसे काढावे

हे काम शक्यतो संगणकावर करावे. घरी नसेल तर शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाकडे बसावे, पण पासवर्ड दुसऱ्याच्या संगणकात ठेवू नये आणि काम झाल्यावर खाते बंद करूनच उठावे.

पहिल्या दिवशी काहीच पुसू नका. वहीत सगळ्या चिठ्ठ्यांची नावे लिहा आणि प्रत्येकीसमोर तिच्यात काय आहे ते लिहा. आमच्या यादीत ११ चिठ्ठ्या साफ रिकाम्या निघाल्या. त्या बेलाशक काढाव्यात. डाव्या बाजूला चिठ्ठीच्या नावावर बाण नेला की तीन ठिपके दिसतात. ते दाबले की लेबल काढण्याची ओळ येते. नुसते नाव बदलायचे असेल तर तीही सोय तिथेच आहे.

मग एकाच अर्थाच्या चिठ्ठ्या एकत्र करा. "बँकेचे" मधील पत्रांना आधी "बँक" ही चिठ्ठी लावा, मगच "बँकेचे" काढा. हा क्रम उलटा करू नका. एका पानावर साधारण ५० पत्रे दिसतात. वरचा चौकोन दाबला तर तेवढीच निवडली जातात. बाकीची निवडण्यासाठी वर एक ओळ येते, ती वाचून दाबावी. एका चिठ्ठीच्या पोटात दुसऱ्या चिठ्ठ्या असतील तर आईबरोबर लेकरेही जातात, म्हणून आधी पोटात पाहावे.

एखाद्याच पत्राची चिठ्ठी चुकली असेल तर सगळी चिठ्ठी मोडण्याची गरज नाही. पत्र उघडावे, वर चिठ्ठीच्या नावाशेजारी फुली असते ती दाबावी. "इनबॉक्स" हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. ती निघाली की पत्र समोरून जाते, पण नष्ट होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम. त्यांना फिल्टर म्हणतात. चिठ्ठी काढली म्हणून नियमही गेला असे समजू नका. पाटाचा फाटा बुजवला नाही तर पाणी त्याच वाटेने जाते. सेटिंगमध्ये फिल्टरची यादी असते. जो नियम पत्राला समोरच्या पेटीत येऊ देत नाही, तो काढून टाका. आमच्या गटाचे नुकसान ४७ चिठ्ठ्यांनी जेवढे केले, त्याहून जास्त त्या एका नियमाने केले.

चिठ्ठ्या काढल्याने जागा मात्र रिकामी होत नाही. खात्याला फुकट मिळणारी १५ जीबी जागा पत्रे, फोटो आणि ड्राइव्ह यांत मिळून असते. जागा हवी असेल तर जाहिरातींची पत्रेच पुसावी लागतात.

सहा चिठ्ठ्या पुरेत

संध्याकाळपर्यंत आमच्याकडे सहा चिठ्ठ्या उरल्या: जमीन, बँक, विमा, बियाणे-खत, विक्री, शिक्षण. नावे मराठीत ठेवली, आईलाही वाचता यावीत म्हणून. एखाद्या पत्राला कोणती चिठ्ठी लावावी हे पटकन सुचत नसेल तर लावूच नका, शोधले की ते सापडते. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मुलगी "ऑल मेल" आणि "स्पॅम" दोन्ही पाहते. स्पॅममधले पत्रही ३० दिवसांनी जाते, आणि कधी कधी कामाचे पत्र चुकून तिथे पडते.

आणखी दोन गोष्टी केल्या. खात्याला मुलाचा जुना, बंद पडलेला फोन नंबर जोडलेला होता, तो बदलून गटाच्या अध्यक्षांचा घातला. आणि खाते अधूनमधून उघडायचे ठरवले, कारण दोन वर्षे कोणी न वापरलेले खाते गूगल पुसू शकते. डिसेंबर २०२३ पासून तसे सुरू झाले आहे.

निघताना ती माऊली म्हणाली, "साहेब, पोराने आपल्या सोयीनं बांधलं, आमाले गाठ सोडता नाही आली." बंधूंनो, यातच सगळे आले. घरातला एकच माणूस जाणतो अशी व्यवस्था, तो माणूस दूर गेला की अडगळ होते. कोठीत कोणते पोते कुठे आहे हे घरातल्या चौघांना ठाऊक असते. टपालपेटीचेही तसेच असू द्या. या रविवारी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आणि म्हणा, दाखव बाबा, आपल्या घरचे काय काय आहे यात.