निवृत्तीच्या पहिल्या वर्षाचा हिशेब

दि. ३१ मे २०२३ रोजी महसूल खात्यातील कारकुनीतून आम्ही निवृत्त झालो. कचेरीत मिळालेला नारळ घरी फुटण्यापूर्वीच दोघा-तिघांनी दस्त लिहिण्याचे काम देऊ केले. आम्ही त्यांस नम्रपणे कळविले की, एक वर्षभर कोणाचेही काम हाती घेणार नाही. नोकरीत असताना 'निवृत्तीनंतर पाहू' असे म्हणून बाजूस सारलेल्या तीन गोष्टी या वर्षात करावयाच्या आहेत. घरची मोडी कागदपत्रे स्वतः वाचणे, चार गुंठ्यांत चारसूत्री पद्धतीने भात करून पाहणे, व बाजाची पेटी वाजविण्यास शिकणे, अशा त्या तीन गोष्टी होत. ते वर्ष केव्हाच संपले. ज्याने सारा जन्म दुसऱ्यांच्या जमाबंदीचे आकडे लिहिले, त्याने आपल्या एका वर्षाचा जमाखर्चही सभासद बंधूंपुढे ठेवावा, म्हणून हे चार शब्द.

पेटीचा हिशेब थोडक्यात आटोपतो. आमच्या बिरवाडीच्या भजनी मंडळातील एका तरुणाने मोठ्या धीराने आम्हांस शिकविले. परंतु चौतीस वर्षे लेखणी धरून ताठलेली बोटे भूप रागाच्या आरोहापलीकडे गेली नाहीत. घरच्या मंडळींनी ते निमूटपणे ऐकून घेतले, याबद्दल त्यांचे आभार मानणे एवढेच आमच्या हाती आहे.

दुसरी गोष्ट भाताची. डॉ. नारायण सावंत यांनी प्रसारात आणलेली चारसूत्री पद्धत बहुतेकांस ऐकून माहीत आहे. राबात भाताच्या तुसाची राख मिसळावी व शेतात पेंढा गाडावा. चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा पाला खाचरात पसरावा. दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर असे अंतर आलटून पालटून ठेवून लावणी करावी. आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी, ही ती चार सूत्रे. आम्ही ती यथाशक्ति पाळली. बियाणे कमी लागले, रुंद पट्ट्यात उभे राहून बेणणी सुलभ झाली, व खत पाण्याबरोबर बांधावरून वाहून गेले नाही, इतके खात्रीने सांगता येते. उताऱ्याचा आकडा मात्र आम्ही मुद्दाम देत नाही. एका हंगामातील चार गुंठ्यांच्या वजनावरून मत ठोकून देणे, ज्याने अनेक वर्षे पैसेवारीचे कागद हाताळले त्यास शोभणार नाही. एक गोष्ट मात्र मनास लागली. पाला आम्हांस शेजाऱ्याच्या बांधावरून मागून आणावा लागला. गिरिपुष्पाची फांदी पावसाळ्यात बांधावर खोचली की ती आपोआप वाढते. त्यास ना रजा लागते, ना निवृत्ती. दहा वर्षांपूर्वी एका रविवारी ती खोचली असती, तर आज आमचाच पाला आम्हांस पुरून उरला असता.

तिसरी गोष्ट मोडीची, आणि खरी हानी येथेच आहे. इ. स. १९५० च्या सुमारास मोडी लिपी शाळा व कचेऱ्यांतून मागे पडली. आमच्या पिढीस ती शिकविलीच गेली नाही. कचेरीत जुन्या नोंदीचा मोडी कागद समोर आला की आम्ही तो जाणकाराकडे सरकवीत असू. घरात मात्र आमचे थोरले चुलते तात्या हे मोडी अस्खलित वाचीत. 'बस जरा, अर्ध्या तासात बाराखडी दाखवितो,' असे ते दर गणपतीत म्हणत, आणि आम्ही दर गणपतीत म्हणत असू, 'तात्या, निवृत्त झालो की बसू.' २०१९ साली तात्या वारले. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व काळ या नद्यांच्या महापुराने महाड परिसरात जो अनर्थ केला, त्यात आमच्या माजघरातील कागदांचा पेटाराही दोन दिवस चिखलात बुडून राहिला. उरले ते थोडे कागद घेऊन, पुस्तकावरून अक्षरे लावीत, या वर्षी आम्ही बसलो.

त्यांपैकी एक कागद पुरता लागला. आमच्या पणजोबांनी पेरणीकरिता दिढीने घेतलेल्या भाताचा तो रोखा आहे. कोणत्या जातीचे भात हेही त्यात लिहिले होते. परंतु नेमक्या त्या शब्दावर पुराच्या गाळाचा डाग बसला आहे. ते नाव तात्यांस ठाऊक असणार, अशी आमची खात्री आहे. आता ते सांगणारे कोणी उरले नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, आवडीच्या कामाकरिता मोकळ्या वर्षाची वाट पाहणे हाच मूळ दोष होय. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोदे संस्थानच्या नोकरीतून १९२५ साली निवृत्त होऊन कामशेतास राहिले, व पुढे पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यांनी संपादिले, हे पाहून निवृत्तीचाच महिमा कोणी गाईल. परंतु त्यांची 'मुसलमानी रियासत' १८९८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते नोकरीतच होते. निवृत्तीने त्यांच्या चालू कामास जागा दिली; कामाचा आरंभ करून दिला नाही.

यावर कोणी म्हणेल, 'रावसाहेब, आपणांस निवृत्तिवेतन आहे. शेतकऱ्यास कोण वर्षाची सुटी देतो?' आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आम्ही वर्ष घ्या असे सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली आपल्या भातात काही लोंब्या निराळ्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या व वर्षानुवर्षे निवडून लाविल्या. त्यातून जे वाण निघाले, ते मनगटी घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी त्याकरिता शेती बंद ठेविली नव्हती.

तेव्हा प्रत्येक खातेदाराने एक गुंठा आपल्या जिज्ञासेकरिता राखावा, व घरात जे कोणी वृद्ध आहे त्याच्यापाशी या आठवड्यातच बसून, जे विचारावयाचे ते विचारून घ्यावे. वालाच्या शेंगा निघाल्या व राब भाजून झाले म्हणजे आपल्याकडे थोडी उसंत असतेच. त्या दिवसांत आपल्या संघाने एक दिवस नेमून सभासदांस घरचे जुने कागद आणण्यास सांगावे, अशी आमची सूचना आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरतात. तेथे दोन-तीन तरुणांस पाठविता येईल. तोवर ज्यांस बाराखडीपुरते शिकावयाचे असेल, त्यांनी रविवारी तिसऱ्या प्रहरी आमच्या ओटीवर यावे. पेटी आम्ही त्या वेळी बंद ठेवू.