झबलं निळं की लाल?

लग्न जुळवताना आपल्याकडे काय काय बघतात? पत्रिका, पॅकेज, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते. माझ्या मावसभावाच्या वेळी हे सगळं साग्रसंगीत बघून झालं होतं. एकच गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. दादाने एमएस केलं अॅन आर्बरला, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये. वहिनीने केलं कोलंबसला, ओहायो स्टेटमध्ये. दोन्हीकडची मंडळी खूष. दोघंही इंजिनीअर, दोघंही अमेरिकेत, अजून काय हवं? त्या भागातल्या कुठल्याही अमेरिकन माणसाने मात्र हे स्थळ पोहे खाण्याआधीच नाकारलं असतं.

कारण कॉलेज फुटबॉल. (आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंड्यासारखा बॉल काखोटीला मारून एकमेकांवर तुटून पडतात, तो.) मिशिगन आणि ओहायो स्टेट पहिल्यांदा भिडले १८९७ मध्ये. हल्ली दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी भिडतात. त्या मॅचला वेगळं नावसुद्धा नाही, नुसतं ‘द गेम’. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवरच्या पाट्यांमधलं प्रत्येक एम अक्षर लाल टेपने खोडतात. मिशिगन हा शब्द तिथे उच्चारायचाच नाही, ‘उत्तरेकडची ती टीम’ म्हणायचं. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी आमची नाशिकची वहिनी मिशिगनचं नाव घेत नाही. आणि राहते कुठे? मिशिगनमध्ये! नोव्हायला, डेट्रॉइटजवळ.

तर २०२४ च्या नोव्हेंबरात मावशी वहिनीच्या बाळंतपणाला निघाली. विमान बदलायची तिला धास्ती, आणि फ्रीलान्सर म्हणजे घरी रिकामीच बसलेली असते असा आमच्या खानदानाचा ठाम समज. सोबतीला मी. बॅगेत डिंक, आळीव, खारकेची पूड. बाळ आलं २० तारखेला, मुलगी झाली, सगळं छान झालं. आणि २२ तारखेला हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या नवराबायकोची जुंपली. विषय : बाळाला पहिलं झबलं कुठल्या रंगाचं? दादाने निळंपिवळं आणून ठेवलेलं. वहिनीच्या कपाटात लालकरडं. मावशीने कुणाचंतरी जुनं, धुऊन मऊ झालेलं पांढरं झबलं पुण्याहून आणलं होतं, ते बाळाने घातलेलंही होतं, पण त्याकडे बघतोय कोण!

शेवटी तह झाला. बारसं रविवारी १ डिसेंबरला. आदल्या दिवशी, शनिवारी, द गेम. जो जिंकेल त्याचा रंग बारशाला. आणि वहिनी हरली तर तिने बारशात उखाणा घ्यायचा, त्यात मिशिगनचं नाव. दादा हरला तर वर्षभर रात्रीचे डायपर त्याच्याकडे.

वहिनी बिनधास्त होती, कारण त्या वर्षी तिची टीम देशात दुसऱ्या नंबरावर होती आणि दादाची पहिल्या पंचविसात कुठेच नव्हती. आता इथे मावशीने डिंकाचा लाडू वळता वळता एक साधा प्रश्न विचारला. “पण हे नंबर देतं कोण?”

“पेपरवाले,” दादा म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण बॉस, खरंच! तिथे वरच्या गटात एकशेतीसहून जास्त कॉलेजं खेळतात आणि हंगामात एकेका टीमच्या मॅचेस साधारण बारा. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. मग पहिला कोण? १९३६ पासून असोसिएटेड प्रेस दर आठवड्याला क्रीडापत्रकारांची मतं घेते आणि टीम्सची उतरंड लावते, हल्ली पंचवीस टीम्सची. म्हणजे कितीतरी वर्षं देशाचा चॅम्पियन मैदानात नाही, मतपत्रिकेवर ठरत होता. माझ्या मताला संपादक दोन ओळींची जागा देताना कुरकुरतात, आणि तिथले पत्रकार चॅम्पियन ठरवायचे! जरा जळलेच मी.

१९५० पासून कोच लोकांचीही वेगळी मतमोजणी सुरू झाली. झालं, आता दोन पंच आले की दोन निकाल आलेच. १९९७ मध्ये मिशिगनची टीम एकही मॅच हरली नाही. नेब्रास्काचीही नाही. पत्रकारांनी पहिला नंबर दिला मिशिगनला, कोच मंडळींनी नेब्रास्काला. दादा तेव्हा शाळेत होता, सदाशिव पेठेत, त्याने फुटबॉल बघितलाही नव्हता. पण हे सांगताना आजही त्याचा आवाज चढतो.

पुढच्याच वर्षी कॉम्प्युटर आणला. मतं, कॉम्प्युटरची गणितं, सगळं मिसळून पहिले दोन निवडायचे आणि त्यांची फायनल. २००३ मध्ये त्यातूनही दोन चॅम्पियन निघाले! फायनल जिंकली एलएसयूने, आणि पत्रकारांनी पहिला ठरवलं सदर्न कॅलिफोर्नियाला, ज्यांना फायनलला घेतलंच नव्हतं. २०१४ पासून तेरा जणांची कमिटी आली. ती हॉटेलात दार लावून बसते आणि चार टीम्स निवडते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट तेरापैकी तेरा मॅचेस जिंकली, आपल्या गटाची चॅम्पियन झाली, आणि तरी कमिटीने तिला बाहेर ठेवलं. का? मुख्य खेळाडू जखमी झालाय, आता ही टीम पूर्वीची राहिली नाही म्हणून. तिच्याऐवजी एक मॅच हरलेली अलाबामा आत. वर्षभर सगळी टार्गेटं पूर्ण करा, आणि अप्रेझलला बॉसने म्हणावं, पुढच्या वर्षी तुमच्याकडून होईलसं वाटत नाही. सेम टू सेम!

पत्रकार निदान आपली मतं उघड करतात, कुणी कुणाला कितवा नंबर दिला ते जगजाहीर असतं आणि त्याबद्दल शिव्याही खातात. कमिटीत कुणी कुणाला मत दिलं ते बाहेर येत नाही. मी कुणाच्या बाजूची ते कळलंच असेल.

२०२४ पासून चारच्या बारा टीम्स केल्या. आता तरी भांडण मिटेल? वहिनी हसली. “आता तेराव्या नंबरावरून भांडण.”

मधल्या २३ तारखेला मिशिगनची घरची शेवटची मॅच होती. दादाने उन्हाळ्यातच तिकिटं काढलेली आणि बाळ तीन दिवसांचं. माणूस इतकं तोंड पाडून वरणभात जेवत होता की शेवटी वहिनीच म्हणाली, जा बाबा, हिलापण ने. गेलो.

‘बिग हाऊस’ बाहेरून बघाल तर निराश व्हाल. १९२७ चं, बुटकं बांधकाम. मी म्हटलं, हे? आत गेलो आणि पायाखालची जमीनच खाली गेली. स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली खोदलाय, दारातून आत शिरलं की तुम्ही विहिरीच्या काठावर उभे. खाली हिरवा चौकोन आणि चहूकडे माणसं, माणसं, माणसं. क्षमता १,०७,६०१. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. आपलं वानखेडे सुमारे तेहतीस हजारांचं. आणि अॅन आर्बर गावाची वस्तीच सव्वा लाखाच्या आसपास! शेवटचा तो एक म्हणजे फ्रिट्झ क्रिसलर या जुन्या कोचच्या नावाने राखलेली एक जागा, ती नेमकी कुठली ते मात्र गुपित. खुर्च्या म्हणाल तर बहुतेक ठिकाणी नाहीतच, लांबलचक बाकं आणि त्यावर नंबर. थंडीचे जाड जॅकेट घातलेले लोक एकमेकांना चिकटून, शेजारच्या आजोबांचं कोपर माझ्या बरगडीत. १९७५ पासून, कोविडचं २०२० सोडलं तर, इथे घरच्या एकाही मॅचला लाखाच्या खाली गर्दी झालेली नाही. त्या दिवशी नॉर्थवेस्टर्नला ५०-६ ने धुतलं, पण टीम त्या वर्षी यथातथाच होती. गेल्या वर्षीचे चॅम्पियन, आणि आता सहा विजय, पाच पराभव. लोक तरी आले होते.

“२००७ सांग ना तिला,” घरी आल्यावर वहिनीने विचारलं. दादा गप्प. मग तिनेच सांगितलं. १ सप्टेंबर २००७, हेच बिग हाऊस, मिशिगन पाचव्या नंबरावर. पाहुणे अॅपलॅचियन स्टेट, खालच्या गटातलं कॉलेज. हंगामाच्या सुरुवातीला सोपी मॅच म्हणून बोलावलेलं. ते ३४-३२ ने जिंकले, शेवटच्या क्षणी मिशिगनची किक हवेत अडवून! खालच्या गटातल्या टीमला मत द्यायची तरतूदच पत्रकारांच्या त्या यादीत नव्हती. नियम बदलावा लागला.

धक्क्यांचा विषय निघाला की गाडी कोचवर येतेच. कोच म्हटलं की मला आचरेकर सर आठवतात, स्कूटरवर मागे छोटा सचिन. तिथे प्रकरण वेगळं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर कोण असतो? गव्हर्नर नाही. कॉलेजचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच! खेळाडूंना मात्र २०२१ पर्यंत स्वतःच्या नावाची जाहिरात करून चार पैसे कमवायचीही बंदी होती. कॉलेजं थेट पैसे द्यायला लागली ती २०२५ मध्ये. कोचेसमधला राजा निक सेबन. (स्पेलिंग वाचून मी आधी साबण म्हटलं होतं. वहिनीने अजून सोडलेलं नाही.) एलएसयूबरोबर एक आणि अलाबामाबरोबर सहा, अशी सात राष्ट्रीय विजेतेपदं. अलाबामाच्या स्टेडियमबाहेर पुतळा आहे, माणूस हयात असताना. जानेवारी २०२४ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पहिल्या नंबरावरची अलाबामा हरली, कुणाकडून, तर व्हँडरबिल्टकडून. ४०-३५. नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उखडला, खांद्यावर घेऊन भर गावातून मिरवला आणि कंबरलँड नदीत विसर्जित केला. गणपतीच जणू!

मग जिंकत कोण होतं, कॉलेज की कोच? दादा म्हणतो कॉलेज. वहिनी म्हणते कोच. पण त्याच दादाला विचारा, २०२३ चं विजेतेपद कसं मिळालं, तर म्हणतो जिम हार्बॉ! त्यावर वहिनीकडे हुकमाचा एक्का असतो. त्याच हंगामात समोरच्या टीमच्या कोचेसच्या खुणा चोरण्याचं प्रकरण मिशिगनवर शेकलं होतं आणि लीगने हार्बॉला शेवटच्या तीन मॅचेसना बाहेर बसवलं होतं. तो नसताना टीम तिन्ही मॅचेस जिंकली, हे दादाचं उत्तर. म्हणजे बघा, आपल्याच मुद्द्याची त्याने स्वतःच वाट लावली की पुन्हा स्वतःच सावरलं, मला कळलं नाही.

३० नोव्हेंबर, दुपारी बारा. वहिनी मांडीवर बाळ घेऊन टीव्हीसमोर. मॅच कोलंबसला. ओहायो स्टेट वीसेक पॉइंट्सने जिंकणार असा सगळ्यांचा अंदाज. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा १०-१०. मग मिशिगनची एक किक, १३-१०. संपलं. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. इथे नोव्हायमध्ये संपूर्ण शांतता. दादाने आनंदाचा एक आवाज काढला नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा केलंय. वहिनी रडत होती. बाळंतपणाने हळवी झालीये, मावशी म्हणाली. वहिनी म्हणाली, “चार वर्षं, आई. लागोपाठ चार वर्षं हरतोय आम्ही यांच्याकडून.”

बारशाला बाळ निळंपिवळं. आणि वहिनीने, शब्दाची पक्की, पदर खोचून उखाणा घेतला :

“चांदीच्या पाळण्याला रेशमाची दोरी,
मिशिगनचं नाव घेते, ज्यांनी केली खुणांची चोरी!”

निम्म्या पाहुण्यांना कळलं नाही. उरलेले अजून हसताहेत.

कोलंबसमध्ये कोच रायन डेला हाकला म्हणून बोंब उठली होती. पण टीम बारांत होती. मी परत आले, आणि २० जानेवारी २०२५ ला ओहायो स्टेट नोत्र दामला ३४-२३ ने हरवून देशाची चॅम्पियन झाली! वहिनीचा मेसेज फक्त लाल हृदयांचा. दादाचा म्हणणं असं की कमिटीच्या यादीत तुम्ही सहावे होतात, जुना चारचा नियम असता तर दारातूनच परत पाठवलं असतं, आणि शिवाय आमच्याकडून हरलातच. वहिनीचं म्हणणं, बारावीला कमी मार्क पडले म्हणून यूपीएससीची रँक काढून घेतात का?

मी यावर बराच विचार केला. ट्रॉफी खरीच आहे, चार मॅचेस जिंकून मिळवलेली. पण त्या शनिवारचा वहिनीचा चेहरा मी बघितलाय आणि तो जानेवारीने पुसला गेला असं मला तिच्या आवाजावरून वाटलं नाही. मीच एकदा फोनवर विचारलं, दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर? खूप वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “बाळ उठलं वाटतं.” उठलं नव्हतं.

२०२५ च्या २९ नोव्हेंबरला मात्र ओहायो स्टेटने बिग हाऊसमध्येच २७-९ ने हिशेब चुकता केला. वर्षाची झालेली पुतणी आता लालकरड्यात, दादा डायपरवर. वहिनी पहिल्या नंबरच्या टीमची मालकीण असल्यासारखी बोलत होती. आठवडाभर. मग लीगच्या फायनलला ती हरली, आणि स्कोअर काय, तर १३-१०! हरवलं इंडियानाने. इंडियाना म्हणजे वर्षानुवर्षं सगळ्यांनी मारून जायचं गिऱ्हाईक. २०२३ मध्ये बारापैकी नऊ मॅचेस हरलेलं. कर्ट सिग्नेट्टी नावाचा कोच आला आणि दोन वर्षांत, १९ जानेवारी २०२६ ला, मायामीला २७-२१ ने हरवून सोळापैकी सोळा जिंकून चॅम्पियन. (कोच की कॉलेज? वहिनी एक, दादा शून्य.)

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला तर पुतणी सोफ्याला धरून चालत होती, अंगात गडद किरमिजी टीशर्ट, त्यावर पांढरी अक्षरं. दादाच्या ऑफिसातल्या कुणा इंडियानाच्या माणसाने दिलेला. काढायला गेलं की भोकाड पसरते म्हणे.

मावशीने स्क्रीन जवळ ओढली, चष्मा वर केला. “अगं,” ती म्हणाली, “हे आता तिसरं कोण?”