आईसाठी पडद्याचं चित्रण

मैत्रिणींनो, माझी आई गावी एकटी असते. विजेचं बिल भरायला ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाच्या हाती फोन देई, वर पिनही सांगे! ऐकून धस्स झालं. पिन लगेच बदलायला लावला. पण फोनवरून समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी शाळेतल्या एका मुलीनं युक्ती सांगितली, स्क्रीन रेकॉर्डची.

२०२० साली अँड्रॉइड ११ आलं, तेव्हापासून बहुतेक फोनांत ही सोय असतेच. वेगळं ॲप नको. वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढा. चौकोनांत ‘स्क्रीन रेकॉर्ड’ दिसेल. न दिसल्यास पेन्सिलीची खूण दाबून ते वर आणून ठेवा. मायक्रोफोन चालू केलात की तुमचं बोलणं येतं, आणि बोटाचे स्पर्श दाखवण्याचं बटण लावलंत की बोट कुठं टेकलं तेही दिसतं. आईला खरा उपयोग झाला तो याचाच. थांबवायचं बटणही वरच. चित्रण गॅलरीत सापडतं.

एक मात्र सांभाळा हं. माझ्या पहिल्या चित्रणात बँकेचा ओटीपी मध्येच डोकावला! म्हणून आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, पिन टाकण्यापूर्वीच चित्रण थांबवा आणि पाठवण्याआधी एकदा नीट पाहून घ्या.

गेल्या महिन्याचं बिल आईनं स्वतः भरलं. चित्रण तीनदा पाहिलं म्हणे, चहा तेवढा गार झाला.