क्लब कुणाचा? मालकाचा की गावाचा?

आपल्या हॉस्टेलवर फुटबॉलचे चाहते किती आहेत याची मोजदाद करायची असेल तर सबमिशनच्या आदल्या रात्री टीव्ही रूममध्ये डोकावावे. सकाळी जर्नल तपासायचे आहे, शेवटच्या चार एक्स्परिमेंटची पाने कोरी आहेत, आणि मंडळी रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीग बघत बसलेली! कुणी मँचेस्टर युनायटेडचा, कुणी बार्सिलोनाचा, कुणी रेयालचा. गोल झाला की 'आपण मारला', आणि हरलो की 'आपला डिफेन्सच भिकार आहे'. ज्याने अजून पासपोर्टचा फॉर्मसुद्धा भरलेला नाही, तोसुद्धा मँचेस्टरला 'आपण' म्हणतो. यात हसण्यासारखे काही नाही. चाहता होणे म्हणजे हे 'आपण' म्हणणेच.

माझा प्रश्न एवढाच आहे की हे 'आपण' महाराष्ट्रातल्या कुठल्या क्लबबद्दल कधी तोंडात येते का? टीव्ही रूममधल्या दहा जणांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक क्लबांची नावे विचारा. पहिले नाव येईल मुंबई सिटी. दुसरे...? मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. वास्तविक नावे पुष्कळ होती. अडचण त्या 'होती'मध्ये आहे.

मी पूर्णगडचा. रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे एक लहानसा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी आमचा गाव. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी आणि टेनिस बॉलचे क्रिकेट. फुटबॉल आला तो मुंबईहून, चाकरमान्यांच्या बॅगेतून. माझे मामा मुंबईत नोकरीला होते. गणपतीत आले की कूपरेज मैदानाच्या गोष्टी सांगायचे. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप, लाकडी बाकांवरची गर्दी, आणि महिंद्रा. आम्ही पोरे तोंड उघडे टाकून ऐकायचो. त्यातले आज काय उरले म्हणाल, तर रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला आणि महिंद्राचा क्लबही राहिला नाही.

मित्रांनो, ही यादी एकदा नीट वाचा.

महिंद्रा युनायटेड. कंपनीचा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ ला डेरिक परेरांच्या हाताखाली त्यांनी नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशातले सर्वांत मोठे विजेतेपद मुंबईत आणले. पुढे चारच वर्षांनी, २०१० मध्ये, संघ बंद. शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे कंपनीने सांगितले.

मुंबई एफसी. २००७ ला सुरू, २०१७ ला बंद.

पुणे एफसी. हाही २००७ चा. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, अकादमी तर देशात नावाजलेली. २०१५ ला गाशा गुंडाळला.

भारत एफसी. हाही पुण्याचाच. २०१४-१५ चा एक सीझन खेळला आणि संपला. आपल्याकडे एका विषयाची केटी सुटायला याहून जास्त वेळ लागतो!

एफसी पुणे सिटी. २०१४ ला आयएसएलबरोबर आला, सोबत सिनेमातले तारे आले, २०१७-१८ ला उपांत्य फेरी गाठली. २०१९ ला हाही गेला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने २०२१-२२ ला आयएसएल जिंकली, आणि २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्याची खुर्ची हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला! बालेवाडीत घसा फोडून ओरडलेल्या पोराने आता नक्की कुणाला 'आपण' म्हणायचे?

आता कुणी म्हणेल, कंपन्यांना शिव्या घालणे सोपे आहे. मला त्या घालायच्याच नाहीत. महिंद्राने जवळजवळ अर्धे शतक संघ चालवला, ही लहान गोष्ट नव्हे. फुटबॉलमध्ये आपल्याकडे पैसा परत येत नाही हे उघड आहे. तिकिटाचे उत्पन्न तुटपुंजे, टीव्हीचे पैसे क्लबपर्यंत पोचत नाहीत, स्टेडियम भाड्याचे. तोटा सोसायलाही मर्यादा असते. माझे भांडण तोट्याशी नाही, पद्धतीशी आहे. या सगळ्या क्लबांमध्ये एक गोष्ट समान होती. क्लब ही मालकाच्या ताळेबंदातली एक ओळ होती. बोर्ड मीटिंगमध्ये ती ओळ खोडली की खेळाडू, कोच, अकादमीतली पोरे आणि चाहते, सगळे एका दमात खोडले जायचे. त्या मीटिंगमध्ये चाहत्याला खुर्ची नव्हती, आणि क्लब उद्या राहणार की नाही हे त्याला पेपरात वाचून कळायचे.

मॅनेजमेंट पायाकडे बघते की फक्त निकालाकडे, याचे उदाहरण म्हणून खालिद जमीलकडे बघा. हा माणूस महिंद्राकडून खेळला, मग मुंबई एफसीत आला आणि २००९ पासून तिथे कोच झाला. बजेट लहान, मोठे नाव एकही नाही, तरी सात वर्षे संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरू दिला नाही. २०१६ मध्ये क्लबने त्याला सोडले. तो गेला मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे. पुढच्याच सीझनला, २०१६-१७ ला, त्या डोंगरातल्या क्लबने मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरूला मागे टाकून आय-लीग जिंकली. आणि मुंबई एफसी? त्याच सीझनला तळाला गेला आणि बंद झाला. तोच खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. आल्या आल्या संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक घेतला, तर ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरून २०२७ च्या आशियाई चषकाची आशा संपली. कोच काही जादूगार नसतो, पण चांगला कोच ओळखायला क्लब निदान जिवंत तरी राहावा लागतो!

शेजारच्या गोव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे क्लब घराण्यांचे, पण मुळे गावात गेलेली. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता, साळगावकर दोन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी एकदम आय-लीग सोडली. कारण आयएसएल देशातली पहिली लीग होणार, आय-लीग खाली ढकलली जाणार आणि वर जायचा रस्ता नाही, असा तो आराखडा होता. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचे कशाला? माझ्या मते त्यांचे बरोबर होते. पण यातली खरी गोम पुढे आहे. राष्ट्रीय लीग सोडल्यावरही हे क्लब मेले नाहीत. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, पोरे घडवत राहिले आणि २०२४-२५ ला धेंपो आय-लीगमध्ये परतला. मूळ जमिनीत असले की वरून छाटले तरी पालवी फुटते.

आणि महाराष्ट्रात हे मूळ कुठे आहे? कोल्हापुरात! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस... नावे वाचली तरी कळते, हे क्लब कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आहेत. मेकॅनिकलचे कोल्हापूरकर मित्र शाहू स्टेडियमचे वर्णन करतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. पेठेतला दुकानदार वर्गणी देतो, तालमीत पोरगा घडतो, मॅचला आख्खी पेठ येते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापुरात सगळे आलबेल आहे असे नाही. प्रेक्षकांच्या हाणामाऱ्या होतात, मग स्पर्धा थांबते. सीझनपुरते बाहेरचे खेळाडू आणायची चढाओढ लागते. आणि कितीही जिंकलात तरी गाडी शाहू स्टेडियमच्या गेटाबाहेर जात नाही. पण एवढे दोष असूनही पाटाकडील उद्या दिल्लीला हलवला, असे वाक्य कुणी कल्पनेत तरी लिहू शकेल का?

आमच्या रत्नागिरीकडच्या मुलांना हे पटकन कळेल. शिमग्याला पालखी निघते. मानकरी असतात, त्यांचा मान असतो, खर्चाचा मोठा वाटाही काही घरे उचलतात. पण मान एकाचा असला तरी पालखी गावाची असते. एखाद्या वर्षी एखाद्या घरचा हात आखडला म्हणून पालखी निघाली नाही, असे होत नाही. क्लब असाच हवा. मालक मानकरी असावा, हवा तर सर्वांत पुढे उभा राहावा, पण पालखी त्याच्या खासगी खोलीत बंद होऊ नये.

हे स्वप्नरंजन आहे, असे म्हणणाऱ्यांनी बाहेर बघावे. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबची निम्म्याहून एक जास्त मते सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे जुने कंपन्यांचे क्लब तेवढे अपवाद. तुमचा बार्सिलोना सभासदांचाच आहे. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लब मालकांनी उचलून मिल्टन कीन्सला नेला, तर चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. अगदी तळच्या डिव्हिजनमधून खेळत तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत स्वतःचे स्टेडियम बांधून परतला. २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा धनाढ्य क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडचे चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत तो बेत कोसळला. ते ओरडू शकले कारण क्लब आपला आहे, ही त्यांची खात्री होती.

आता मुंबई सिटीबद्दल. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरवाल्या सिटी ग्रुपने यात ६५ टक्के हिस्सा घेतला. पैशाबरोबर पद्धत आली, हे मान्यच करायला हवे. २०२०-२१ ला लीग आणि चषक दोन्ही, २०२२-२३ ला पुन्हा लीग, २०२३-२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब झाला. मी स्वतः मुंबई सिटीचा चाहता आहे, हे सांगून टाकतो. पण २०२५ च्या डिसेंबरमध्ये सिटी ग्रुपही हिस्सा सोडून निघून गेला, आणि माझ्या पोटात गोळा आला. यादी आठवली ना!

ते गेले कारण तोवर लीगच अधांतरी होती. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. पुढचे ठरेना म्हणून जुलैमध्येच सीझन थांबला, नव्या टेंडरला कुणीही बोली लावली नाही, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्ध्या लांबीची लीग सुरू झाली. आणि त्याच डिसेंबरमध्ये मेस्सी आला होता! वानखेडे भरले, कोलकात्यात तर तो नीट दिसला नाही म्हणून लोकांनी खुर्च्या-बाटल्या फेकल्या. मेस्सीला बघायला जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पण २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या स्टेडियमवर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले तेव्हा जेमतेम अडीच हजार लोक होते. सुनील छेत्रीला हात जोडून व्हिडिओ काढावा लागला, मग पुढच्या मॅचला स्टेडियम भरले. पैसे आहेत, आवड आहे. फक्त आपण ती विमानाने येणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे.

मला विचाराल तर तीन गोष्टी व्हाव्यात. एक, लीगमध्ये यायचे तर मालकाने अनामत ठेवावी. उद्या सोडून गेला तरी खेळाडूंचे करार आणि अकादमी निदान एक वर्ष त्यातून चालेल. हॉस्टेलच्या खोलीला डिपॉझिट लागते, क्लबला नको? दोन, क्लबच्या शहराचे नाव, रंग आणि मैदान बदलायचे तर नोंदणीकृत सभासदांची संमती सक्तीची करावी. तीन, वर जायची आणि खाली घसरायची वाट खरोखर उघडी हवी. आय-लीगच्या विजेत्याला २०२३ पासून वर जाता येऊ लागले आहे. ती वाट राज्याच्या लीगपर्यंत, कोल्हापूरच्या तालमीपर्यंत खाली आणली पाहिजे. मेस्सीच्या भेटीवेळी राज्य सरकारने तेरा वर्षांखालील मुलांसाठी 'महादेवा' योजना आणली. छान केले. पण ही मुले अठरा वर्षांची होतील तेव्हा महाराष्ट्रात त्यांना खेळायला क्लब किती असतील, याचेही उत्तर हवे.

'पण आपल्या फुटबॉलला दर्जा कुठे आहे?' हा नेहमीचा प्रश्न मला ठाऊक आहे. पाच-दहा वर्षांत बंद पडणाऱ्या दुकानात दर्जा येणार कुठून? दर्जा यायला एकाच जागी वीस-वीस वर्षे काम व्हावे लागते. आणि क्लब तेवढा टिकायचा तर त्याच्यामागे माणसे उभी असावी लागतात, निव्वळ चेक नव्हे.

तेव्हा बार्सा बघा, रेयाल बघा, मीही बघतो. पण वर्षातून दोनदा तरी तिकीट काढून इथल्या मैदानावर जा. क्रीडा प्रतिनिधींना आणि जिमखान्याच्या सरांना विनंती आहे की औद्योगिक सहलीसाठी बस ठरते, तशी एक बस अंधेरीच्या किंवा कोल्हापूरच्या मॅचसाठीही ठरू दे. वर्गणीत पहिले नाव माझे लिहा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मु. पो. पूर्णगड, जि. रत्नागिरी)