गाडी लागली, की साखर उतरली?

काही महिन्यांपूर्वी एक आजी आपल्या मुलासह माझ्याकडे आल्या होत्या. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात त्यांना मळमळू लागले, दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ‘आईला नेहमीच गाडी लागते,’ म्हणून मुलाने त्यांना डोळे मिटून पडून राहण्यास सांगितले. शेजारच्या प्रवासी बाई परिचारिका होत्या. त्यांनी मधुमेहाची चौकशी केली आणि लगेच साखरेचे पाणी पाजले. थोड्याच वेळात आजी सावरल्या. उलटीच्या धास्तीने सकाळपासून त्यांनी काहीही खाल्ले नव्हते. मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली होती!

गाडी लागणे हा आजार नव्हे. आपल्या अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीराची हालचाल मेंदूला कळवतात. घाटाच्या वळणावर कान ‘आपण हलत आहोत’ असे सांगतो. पण नजर मोबाइलवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर खिळलेली असेल, तर डोळे ‘सारे स्थिर आहे’ असे कळवतात. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. चालकाला पुढचे वळण आधीच दिसते, म्हणून त्याला हा त्रास सहसा होत नाही.

उपायही यातूनच सुचतो. शक्यतो पुढचे आसन घ्यावे. मागच्या चाकावरचे टाळावे. रेल्वेत गाडीच्या दिशेने तोंड करून बसावे. नजर दूरच्या डोंगरावर वा क्षितिजावर ठेवावी, डोके टेकवून स्थिर ठेवावे, वाचन टाळावे, खिडकी थोडी उघडी असावी. निघण्यापूर्वी तासभर आधी इडली, मऊ भात किंवा पोळी असा हलका, कमी तेलाचा आहार घ्यावा. पोट रिकामे ठेवणे हा उपाय नव्हे. आल्याने काहींना आराम वाटतो. परंतु आलेपाकात साखर असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

आता गोळ्यांविषयी. उलटी थांबवणाऱ्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या निघण्यापूर्वी घ्याव्या लागतात. मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग कमी होतो. तरुणांना त्यांनी सहसा झोप येते. वृद्धांमध्ये मात्र तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे, बद्धकोष्ठता असे त्रास संभवतात. प्रोस्टेटची वाढ असलेल्यांना लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढू शकतो. म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवूनच ठरवावे. गोळी घेतलेल्या व्यक्तीला गाडीतून उतरताना हात द्यावा.

सोबतच्या नातेवाइकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. मधुमेहीला प्रवासात घाम, थरथर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर प्रथम साखर उतरल्याचा संशय घ्यावा. यंत्र जवळ असल्यास तपासावे. ७० पेक्षा कमी आढळल्यास, किंवा यंत्र नसल्यास न थांबता, तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दडपण, बोलण्यात अडखळणे, एका बाजूला अशक्तपणा, अथवा गाडी थांबल्यावरही न थांबणारी चक्कर असेल, तर तेही गाडी लागणे समजून दुर्लक्षू नये. आयुष्यभर कधी गाडी लागली नाही आणि उतारवयात अचानक लागू लागली, तरीही तपासणी करून घ्यावी.

महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. तेव्हा गाडीच्या भीतीने घरी बसू नका. पिशवीत पाण्याची बाटली, साखरेची पुडी, बिस्किटे, रिकाम्या कागदी पिशव्या आणि औषधांची चिठ्ठी ठेवा. आणि न्याहारी करूनच उंबरठा ओलांडा.