विजेलाही शेजपाळी हवी



रात्रीची वीज आणि बांधावरचे साप-विंचू यांना आपण सारेच कंटाळलो होतो. दिवसा वीज द्या, ही आपली जुनी मागणी. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि पुष्कळ शेती फीडरवर आता दिवसा वीज मिळू लागली आहे. चांगलेच झाले. पण वीज दिवसा आली म्हणजे ती सर्वांना पुरलीच, असे नाही.

गटागटांत फिरताना आम्हांला दिसते ते असे. सकाळी लाइट आली रे आली, की ऑटो स्विचमुळे डीपीवरच्या साऱ्या मोटारी एका दमात सुरू होतात. थोडा हिशेब करू. 63 केव्हीएचा डीपी 5 एचपीच्या दहा मोटारी चालल्या की जवळजवळ भरतो. त्यातून साध्या स्टार्टरवरची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दहाही मोटारींनी एकदम ओढला तर व्हायचे तेच होते. फ्यूज उडतो, व्होल्टेज पडते, मोटारी जळतात आणि एखाद्या दिवशी डीपीच जातो. मग ऐन एप्रिल-मेमध्ये सर्वांचाच ऊस वाळतो. घाई करणाऱ्याचा आणि न करणाऱ्याचाही.

डीपीची क्षमता वाढवून द्या, ही मागणी रास्तच आहे. ती सोडू नये. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? कालव्याच्या पाण्याला आपण शेजपाळी मानतो. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड मानतो. मग विजेलाच पाळी का नको?

आमचे म्हणणे साधे आहे. एका डीपीवरच्या सभासदांनी एकत्र बसावे. ऑटो स्विच काढावेत, किंवा टायमर लावून मोटारी मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू कराव्यात. मोटारी जास्त असतील तर दोन गट पाडावेत. आठ तासांतले पहिले चार तास एका गटाला, पुढचे चार दुसऱ्याला. दर आठवड्याला अदलाबदल. रोपवाटिका, भाजीपाला आणि हलक्या रानातली नवी लागण यांना आधी पाणी द्यावे. भारी जमिनीतला मोठा ऊस चार तास थांबला म्हणून काही बिघडत नाही. ठिबकवाल्यांचाही यात फायदाच आहे, कारण व्होल्टेज पडले की पंपाचा दाब पडतो आणि शेवटच्या ड्रीपरला पाणी पोचत नाही.

काही जण म्हणतील, "मी थांबेन हो, पण शेजारी थांबेल का?" शंका खरी आहे. म्हणूनच पाळी तोंडी नको. वहीत लिहावी, सर्वांनी सह्या कराव्यात. आणि पहिली सही मोठ्या बागायतदाराची असावी, कारण जास्त मोटारी त्याच्याच. लहान सभासदाला थांबायला सांगायचे आणि आपण चालवायचे, याला सहकार म्हणत नाहीत.

गट ऑफिसला कळवा. पाळीपत्रक करून द्यायला आमचा ओव्हरसियर बांधावर येईल. उन्हाळ्याची वाट मात्र पाहू नका.

ऊस विकास अधिकारी