फेब्रुवारीत कात्री मोगऱ्याला, गुलाबाला नव्हे

थंडी ओसरू लागली की वाचक भगिनींचा एक प्रश्न ठरलेला असतो: गुलाब आता छाटायचा का? मोबाइलवरच्या व्हिडिओत विलायतेतली मंडळी या दिवसांत गुलाब बुडापाशी कापताना दिसतात. त्यांचे बरोबरच आहे. तिकडे झाड हिवाळाभर झोपलेले असते आणि पुढे सौम्य हवा असते. आपल्यापुढे एप्रिल-मे उभे असतात. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करायची. त्यानंतर ४०-४५ दिवसांत फुले येतात. आता बुडापासून कापले तर कोवळी फूट उन्हात करपते, नागपूर-अकोल्याकडे तर लवकरच.

सध्या गुलाबाची फक्त साफसफाई करावी. सुकलेली फुले दोन-तीन पानांसह काढा. फांदी शेंड्याकडून काळी पडत असेल तर आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली कापा. कलमी झाडाच्या जोडाखालून फुटलेला जोमदार फुटवा मुळातूनच काढावा. तो जंगली खुंटाचा असतो, खत सगळे खातो आणि चांगले फूल देत नाही.

कात्रीची खरी पाळी मोगऱ्याची. जानेवारीच्या उत्तरार्धात त्याचे पाणी कमी करावे, मग पाने ओरबाडून झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटावे. कुंडीतला असेल तर निम्मा. बुडाशी कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करा. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून इथे भीड ठेवू नये. अजून छाटला नसेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उरका.

आम्हाला जास्त हळवा वाटतो तो दुसरा प्रश्न. जुने घर पाडून इमारत होणार आहे, आणि दादींनी लावलेला, ज्याच्या पाकळ्यांचा गुलकंद घरात व्हायचा, तो गावठी गुलाब अंगणात उभा आहे. ठेकेदाराकडून पावसाळ्यापर्यंत मुदत मिळत असेल तर जरूर मागून घ्या. झाड हलवायला जून-जुलैसारखे दिवस नाहीत. मिळत नसेल तर ऊन तापण्याआधीच, याच महिन्यात हलवा.

पण कुदळ मारण्याआधी कलमे लावून ठेवा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, ८-९ इंचांची, तीन-चार डोळ्यांची दहा-बारा कांडी घ्यावीत. निम्म्याहून जास्त भाग वाळूमिश्रित मातीत खोचून कुंडी सावलीत ठेवा. गावठी गुलाब स्वतःच्या मुळावर असतो, त्यामुळे जगलेले प्रत्येक कांडे म्हणजे दादींचेच झाड. भावंडांत वाटताही येते.

मग मूळ झाड. फांद्या निम्म्या करा, कारण तुटलेली मुळे सगळा भार पेलू शकत नाहीत. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. असरनंतर, ऊन उतरल्यावर, बुंध्यापासून फूटभर अंतर ठेवून गोल खणा आणि मातीचा गड्डा न फोडता ओल्या गोणपाटात बांधा. नवा खड्डा किंवा मोठी कुंडी आधीच तयार हवी. झाड पूर्वीच्याच खोलीवर बसवा. ताजे शेण किंवा रासायनिक खत मुळीच नको. पंधरा दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या. माती ओलसर राहावी, चिखल होऊ नये.

पाण्याची ओढ असलेल्या घरांत वजूचे पाणी बादलीत धरावे. त्यात साबण नसतो, आणि चार माणसांच्या घरात दिवसाला दोन-तीन कुंड्यांची सोय सहज होते. भांड्यांचे साबणाचे पाणी मात्र नको.

हलवलेला गुलाब आठवड्याभरात पाने टाकेल. घरातले कुणीतरी म्हणेलच, गेले, उपटून टाका. थांबा. नखाने साल किंचित खरवडून पाहा; आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. उपटून मुळे तपासू नका, पाणी द्या आणि इन्शाअल्लाह तीन-चार आठवड्यांत लालसर डोळे फुगताना दिसतील.